घरी बांधलेल्या विमानाची इंधनव्यवस्था कशी तपासली जाते?

स्वतःच्या गॅरेजमध्ये किंवा भाड्याच्या शेडमध्ये विमान बांधणे हा अमेरिकेत अनेक दशकांपासून रुजलेला आणि कायद्याने मान्य केलेला छंद आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकी येथे अशा हौशी लोकांना एकत्र आणून एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था स्थापन केली, आणि आज विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे दरवर्षी भरणारा तिचा मेळावा जगभरातील विमानप्रेमींना ठाऊक आहे. अमेरिकेच्या नियमानुसार विमानाच्या बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तीने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेले असले, तर त्या विमानाला ‘प्रायोगिक’ या वर्गात उड्डाणाची परवानगी मिळू शकते. मराठी वाचकांना हा विषय अगदीच अपरिचित नाही. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये त्याला चाचणी उड्डाणाची परवानगी मिळाली. नोंदणी आणि परवानगी यांमधले ते अंतर किती मोठे होते, यावरूनही विमान बांधणे आणि ते उडवण्यायोग्य आहे असे सिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत हे लक्षात येते.

या दुसऱ्या कामातील एक अत्यंत महत्त्वाचा आणि बाहेरच्या माणसाला बहुधा न दिसणारा भाग म्हणजे इंधनव्यवस्थेची तपासणी. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाच्या बाबतीत टाकीपासून इंजिनापर्यंतच्या प्रत्येक नळीचा मार्ग एकदाच सिद्ध केला जातो आणि पुढची शेकडो विमाने त्याच नमुन्याबरहुकूम बनतात. घरी बांधलेले प्रत्येक विमान मात्र या अर्थाने आपल्या जातीचे पहिलेच असते. व्हॅन्स एअरक्राफ्टसारख्या कंपनीच्या तयार सुट्या भागांच्या संचातून ते बांधलेले असले, तरी बांधणारा माणूस कुठे व्हॉल्व दोन बोटे पुढे सरकवतो, कुठे जादा फिल्टर बसवतो, कुठे वेगळे इंजिन लावतो. यांतला प्रत्येक बदल त्याला किरकोळ वाटतो, आणि बहुतेक वेळा तो किरकोळ असतोही. तो खरोखरच किरकोळ आहे की नाही, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या सुरक्षिततेचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात इंजिन बंद पडणे आणि हवेत विमानावरील ताबा सुटणे ही अपघातांची दोन ठळक कारणे आढळली. त्याच अभ्यासाच्या अखेरीस मंडळाने अशी शिफारस केली, की इंधनव्यवस्थेची चाचणी कशी करावी याची पद्धत ठरवून द्यावी आणि उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मागणाऱ्या प्रत्येकाला ती चाचणी करून तिचा अहवाल सादर करणे बंधनकारक करावे. ही शिफारस का करावी लागली असेल? विमान जमिनीवर उभे करून इंजिन सुरू केले आणि ते सुरळीत चालले, म्हणजे इंधनव्यवस्था ठीक आहे, असा समज हौशी मंडळींत सहज होतो, आणि तो समज धोकादायक आहे. संथ फिरणारे इंजिन ताशी मोजकेच लिटर पेट्रोल मागते. तेवढे तर अर्धवट तुंबलेल्या नळीतूनही येते. खरी परीक्षा उड्डाणाच्या क्षणी असते. तेव्हा इंजिन पूर्ण ताकदीने चालत असल्यामुळे त्याची मागणी सर्वाधिक असते, विमानाचे नाक वर गेल्यामुळे टाकी आणि कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) यांच्या उंचीतला फरक बदललेला असतो, आणि नेमके त्याच वेळी विमान इतके खाली असते की इंजिन थांबल्यास उतरायला जागा शोधण्यासाठी वैमानिकाच्या हाती काही सेकंदच उरतात.

व्यवस्थेची रचना थोडक्यात अशी असते. पेट्रोल बहुधा पंखांतील टाक्यांत असते. टाकीच्या तळाच्या निर्गमद्वाराशी जाळीची गाळणी असते. तेथून नळी कॉकपिटमधील सिलेक्टर व्हॉल्वपर्यंत येते, जो फिरवून वैमानिक डावी टाकी, उजवी टाकी किंवा ‘बंद’ यांपैकी एक निवडतो. पुढे गॅसकोलेटर नावाची छोटी वाटी असते. ती व्यवस्थेतील सर्वांत खालच्या जागी बसवलेली असते, म्हणजे पेट्रोलपेक्षा जड असलेले पाणी आणि कचरा तिच्यात साठून बाहेर काढता येतो. त्यानंतर पंप असल्यास पंप, आणि शेवटी कार्बोरेटर किंवा इंजेक्शनची यंत्रणा. पंख वर असलेल्या साध्या विमानात पंपाची गरज नसते, कारण पेट्रोल वरून खाली आपोआप येते. पंख खाली असलेल्या विमानात मात्र टाकी इंजिनाच्या खालच्या पातळीला असल्यामुळे इंजिनावर चालणारा एक आणि विजेवर चालणारा दुसरा असे दोन पंप ठेवतात. पहिल्या प्रकाराचे वागणे सलाईनच्या बाटलीसारखे असते: बाटली जितकी उंच, तितकी धार जोरकस, आणि बाटलीत वरून हवा शिरण्याची सोय नसेल तर धार हळूहळू मंदावून थांबते. या दोन्ही गोष्टी पुढे पुन्हा येतील.

तपासणीची सुरुवात विमान पूर्ण होण्याच्या खूप आधी, टाकी सुटी असतानाच होते. पत्र्याच्या टाकीचे सांधे आणि रिव्हेट विशिष्ट प्रकारच्या लांबीने, म्हणजे फटी बुजवणाऱ्या चिकट लुकणाने, भरून बंद केलेले असतात, आणि एखादा रिव्हेट जरी कोरडा राहिला तरी तेथून पेट्रोल पाझरते. गळती शोधण्याची रूढ पद्धत अगदी साधी आहे. टाकीची सर्व तोंडे बंद करायची, एका तोंडावर लहान मुलांचा फुगा घट्ट बसवायचा, सायकलच्या पंपाने टाकीत थोडी हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचे. फुगा येथे दोन कामे करतो: तो हवा टिकली की नाही हे दाखवतो, आणि हवा जास्त झालीच तर टाकीऐवजी स्वतः फुगतो. कॉम्प्रेसरची नळी थेट टाकीला लावणे हा मात्र शुद्ध अविचार आहे. एक पीएसआय (चौरस इंचावर एक पौंड) म्हणजे जेमतेम सत्तर सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा दाब. पण पाऊण मीटर लांब आणि चाळीस सेंटिमीटर रुंद पत्र्यावर तोच दाब दोनशे किलोंहून अधिक भार टाकतो आणि महिनाभर खपून बनवलेली टाकी क्षणात फुगवून वाकडी करतो. आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. रात्री हवा थंड झाली किंवा वातावरणाचा दाब बदलला की टाकी पूर्ण घट्ट असूनही फुगा लहान-मोठा होतो. म्हणून सकाळी मरगळलेला फुगा पाहून लगेच टाकी उघडायला घेऊ नये. आधी दुपारच्या उन्हात तो पुन्हा तरतरीत होतो का ते पाहावे. शंका उरल्यास निर्णय साबणाच्या पाण्यावर सोपवावा.

टाकी आणि नळ्या जोडून झाल्यावर स्वच्छतेचा प्रश्न येतो. बांधणीच्या काळात ड्रिलचा कीस, फायबरग्लासची भुकटी, लांबीचे सुटे तुकडे, क्वचित कापडाचा धागा असे काहीना काही आत राहतेच. जोडणीच्या आट्यांना टेफ्लॉनची पट्टी गुंडाळण्याची प्लंबिंगमधली सवय येथे विशेष घातक ठरते, कारण तिचे तुटलेले धागे वाहत जाऊन कार्बोरेटरच्या बारीक वाटेत अडकतात. त्याऐवजी पेट्रोलला टिकणारे लेपद्रव्य, तेही पहिला आटा मोकळा ठेवून, लावतात. नळीच्या पसरट तोंडाचा कोन हीसुद्धा अशीच फसवी बाब आहे. विमानाच्या जोडणीत हा कोन ३७ अंशांचा असतो, मोटारीच्या सामानात तो बहुधा ४५ अंशांचा असतो. दोन्ही एकमेकांत आवळले जातात, वरवर ठीक दिसतात आणि पुढे कधीतरी गळू लागतात. सर्व जोडण्या झाल्यावर काही लिटर पेट्रोल प्रत्येक टाकीतून वाहू देऊन, पांढऱ्या कापडातून गाळून पाहतात, आणि कापडावर काही येईनासे होईपर्यंत हे चालू ठेवतात.

आता मुख्य चाचणी, म्हणजे प्रवाहाची. अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनाने हौशी बांधणाऱ्यांसाठी चाचणी उड्डाणांची जी मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे, तिच्यात यासाठी दोन सोपे आकडे दिले आहेत. पेट्रोल नुसत्या उंचीमुळे वाहत असेल तर पूर्ण ताकदीच्या इंजिनाला जेवढे लागते त्याच्या किमान १५० टक्के, आणि पंपाने येत असेल तर किमान १२५ टक्के पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडाशी मिळाले पाहिजे. इंजिनाची मागणी कशी काढायची? निर्मात्याने आकडा दिलेला असेल तर तोच घ्यावा. उदाहरणार्थ रोटॅक्स ९१२ मालिकेतील १०० अश्वशक्तीच्या इंजिनाचा उड्डाणाच्या वेळचा खप ताशी २७ लिटर दिलेला आहे. आकडा नसेल तर प्रत्येक अश्वशक्तीमागे ताशी ०.५५ पौंड, म्हणजे सुमारे पाव किलो पेट्रोल असा ठोकताळा पुस्तिकेत आहे. त्यानुसार १६० अश्वशक्तीच्या इंजिनाला ताशी ४० किलो, म्हणजे लिटरला ०.७२ किलो या हिशेबाने साधारण ५५ लिटर पेट्रोल लागते. त्याचे १५० टक्के म्हणजे ताशी ८३ लिटर, आणि १२५ टक्के म्हणजे ६९ लिटर. मिनिटाच्या भाषेत पहिल्या प्रकारात जवळपास १.४ लिटर आणि दुसऱ्यात १.१५ लिटर. पाच लिटरचा मोजका डबा पहिल्या प्रकारात साडेतीन मिनिटांच्या आसपास भरला पाहिजे. पाच मिनिटे लागली तर ते विमान उडवायचे नाही.

हिशेब सोपा असला तरी मापन कोणत्या स्थितीत केले यावर सगळे अवलंबून आहे, आणि घाईत केलेल्या चाचण्या नेमक्या येथेच फसतात. पुस्तिकेचे म्हणणे असे, की विमानाचे नाक त्याच्या चढतीच्या कमाल कोनापेक्षा आणखी पाच अंश वर करून आणि टाकीत कमीत कमी पेट्रोल ठेवून ही चाचणी करावी. शेपटीखाली चाक असलेल्या विमानासाठी जमिनीत खड्डा खणून त्यात शेपटीचे चाक उतरवावे, आणि नाकाखाली चाक असलेल्या विमानासाठी उतार बांधून ते चाक वर चढवावे, असा गावठी पण उपयुक्त सल्लाही तिच्यात आहे. एवढा खटाटोप कशासाठी, हे आकड्यांतून पाहू. समजा पंख वर असलेल्या एका विमानात टाकीचे निर्गमद्वार कार्बोरेटरपेक्षा ६० सेंटिमीटर वर आणि १ मीटर मागे आहे. विमान सपाट उभे असताना पेट्रोलला ६० सेंटिमीटरचा उतार मिळतो. नाक १५ अंश वर गेले की पुढचा कार्बोरेटर वर उचलला जातो, मागची टाकी तुलनेने खाली राहते, आणि उंचीतला फरक उरतो सुमारे ३२ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ निम्मा. अशा नळ्यांतला प्रवाह साधारणपणे उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. याचा अर्थ असा, की सपाट जमिनीवर जी व्यवस्था ऐटीत १५० टक्के देते, तीच चढतीत जेमतेम ११० टक्क्यांवर येते. त्यात गाळणीवर थोडा कचरा बसला किंवा व्हेंट, म्हणजे टाकीत हवा येऊ देणारी नळी, किंचित तुंबला, की उरलेले दहा टक्केही जातात. सपाट जमिनीवर केलेली प्रवाहचाचणी म्हणूनच मला तपासणी वाटतच नाही. ती फक्त नळ्या जोडलेल्या आहेत एवढे सांगते.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. कार्बोरेटरपासून सोडवलेली नळी जमिनीवरच्या बादलीत लोंबकळती सोडली, तर नळीचे तोंड कार्बोरेटरपेक्षा पुष्कळ खाली जाते आणि त्या जादा उंचीमुळे पेट्रोल अधिक जोरात वाहते. आकडा छान येतो आणि तो खोटा असतो. नळीचे तोंड कार्बोरेटरच्या प्रवेशद्वाराच्या पातळीलाच धरले पाहिजे, आणि डबा त्याच्या लगेच खाली ठेवला पाहिजे. गॅसकोलेटर, फिल्टर, प्रवाहमापक हे सगळे भाग जागेवर असतानाच मोजमाप करावे; प्रवाहमापकातले छोटे चक्र अडकल्यास काय होते हेही पाहून घ्यावे, कारण ते अडकले तरी इंजिनाला पुरेसे पेट्रोल मिळत राहणे आवश्यक आहे. मोजणी डोळ्यांनी पातळी पाहून करण्यापेक्षा डब्याचे वजन करून केलेली बरी. प्रत्येक टाकी स्वतंत्रपणे तपासावी लागते, कारण डाव्या आणि उजव्या नळीची लांबी आणि वळणे क्वचितच सारखी असतात.

हे सर्व उघड्या पेट्रोलशी चाललेले असते, याचे भान सुटता कामा नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंतही पोहोचते. चाचणी मोकळ्या जागेत करतात, अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवतात, प्लास्टिकच्या बादलीऐवजी धातूचा डबा वापरून तो तारेने विमानाच्या सांगाड्याशी जोडतात, म्हणजे वाहत्या पेट्रोलमुळे साठणाऱ्या स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. विमानाची चाके अडवलेली आणि दोर आवळलेले तर असावेतच. नाक वर करून उभे केलेले विमान मागे घसरल्याचे दृश्य कोणालाही नको असते.

पंपाच्या व्यवस्थेत आणखी थोडे काम वाढते. विजेचा पंप इंजिन बंद ठेवून तपासता येतो, पण तो नुसत्या बॅटरीवर चालवून तपासावा, कारण उड्डाणात अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे वीजजनित्र) बंद पडला तर त्याला तेवढीच वीज मिळणार असते. त्या पंपाने ढकललेले पेट्रोल बंद असलेल्या इंजिनपंपातून पार जाऊन १२५ टक्के भरले पाहिजे. म्हणजे एक पंप मेला तरी तो दुसऱ्याची वाट अडवत नाही, हे सिद्ध होते. इंजिनावरचा पंप इंजिन चालवूनच पाहावा लागतो. त्यासाठी विजेचा पंप बंद करून पूर्ण ताकदीवर दाबमापकाकडे लक्ष ठेवतात. कार्बोरेटर असलेल्या अनेक लायकमिंग इंजिनांसाठी हा दाब अर्ध्या पीएसआयपासून आठ पीएसआयपर्यंत चालतो. दोन्ही पंप एकत्र चालू असताना तो वरच्या मर्यादेबाहेर जात नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घेतात, कारण जादा दाबाने कार्बोरेटरमधली तरंगसुई उचलली जाऊन पेट्रोल ओसंडते.

प्रवाहाच्या चाचणीतूनच दुसरी एक किंमत हाती येते, ती म्हणजे वापरता न येणारे इंधन. धार थांबल्यावर टाकीत जे पेट्रोल उरते ते वजनात आणि टाकीच्या आकारमानात मोजले जाते, पण वैमानिकाच्या हिशेबात ते शून्य असते. हे उरलेले पेट्रोल विमानाच्या स्थितीनुसार बदलते. निर्गमद्वार टाकीच्या मागच्या कोपऱ्यात असेल तर नाक वर असताना जवळजवळ सगळे पेट्रोल मिळते, पण उतरण्यासाठी नाक खाली केले की तेच पेट्रोल पुढे सरकते आणि द्वार उघडे पडते. म्हणून ही मोजणी नाक वर, सपाट आणि नाक खाली अशा तिन्ही स्थितींत करतात आणि सर्वांत मोठा आकडा खरा धरतात. इंधनमापकाचा काटा शून्य कोठे दाखवणार, हेही यावरूनच ठरते: टाकी कोरडी झाल्यावर नव्हे, तर वापरण्याजोगे पेट्रोल संपल्यावर.

मापकाचे अंशांकन हे कंटाळवाणे पण सोपे काम आहे. विमान उड्डाणातल्या सपाट स्थितीत ठेवून, दर खेपेस पाच-पाच लिटर ओतत, काटा कोठे आला आणि लाकडी मोजपट्टी किती ओली झाली हे लिहून ठेवायचे. टोकाकडे उंचावत गेलेल्या पंखात मापकाचा तरंगता गोळा मुळाशी असेल तर पहिले अनेक लिटर खर्च होईपर्यंत काटा ‘पूर्ण’वरून हलतच नाही, हा मापकाचा दोष नसून टाकीच्या आकाराचा परिणाम असतो, आणि वैमानिकाला तो आधी ठाऊक असावा लागतो. शेपटीवर बसणाऱ्या विमानासाठी जमिनीवरचे आणि हवेतले असे दोन तक्ते करावे लागतात.

व्हेंटबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तो दिसतो क्षुल्लक आणि करतो मोठे नुकसान. पेट्रोल बाहेर जाते तेवढीच हवा टाकीत यावी लागते. ती न आल्यास टाकीत निर्वात तयार होतो, प्रवाह मंदावतो आणि पातळ पत्र्याची टाकी आत ओढलीही जाते. चिखलाचे घरटे करणाऱ्या कुंभारमाशीला व्हेंटची नळी फार आवडते, म्हणून तोंडाशी बारीक जाळी बसवतात. पण जाळीनेही भागत नाही. नळीचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावर हवेत तिच्यात दाब पडणार की ओढ निर्माण होणार हे ठरते, आणि दोन टाक्यांच्या व्हेंटांत या बाबतीत थोडा फरक असला तर, काही सिलेक्टरांवर दोन्ही टाक्या एकदम जोडणारी जी ‘दोन्ही’ ही स्थिती असते तिच्यावर, एकच टाकी रिकामी होत राहते. पंख खाली असलेल्या विमानांत सिलेक्टरवर ‘दोन्ही’ ही स्थिती सहसा नसतेच. एक टाकी संपली की पंप तिच्यातून हवा ओढू लागेल आणि दुसरी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहील, हे त्याचे कारण. व्हेंटची जमिनीवरची चाचणी म्हणजे टाकीचे झाकण घट्ट लावून प्रवाह मोजणे. झाकण उघडे ठेवून केलेल्या मोजणीत व्हेंटची परीक्षा होतच नाही.

सिलेक्टर व्हॉल्व कोठे आहे, हा प्रश्न प्रवाहाइतकाच गंभीर ठरू शकतो, याचे सर्वज्ञात उदाहरण म्हणजे लोकप्रिय अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांचा मृत्यू. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्हजवळ त्यांचे लाँग-ईझेड जातीचे, दुसऱ्या कोणीतरी बांधलेले विमान समुद्रात कोसळले. बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात हा व्हॉल्व वैमानिकाच्या पायांमध्ये, समोर होता. या विमानाच्या बांधणाऱ्याने तो मागे, डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेला होता. दांड्यावर स्थितीच्या खुणा नव्हत्या, आणि पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या काचाही मागच्या आसनाजवळ, खुणांविना होत्या. उड्डाणापूर्वी तेथील तंत्रज्ञाशी या गैरसोयीबद्दल डेन्व्हर यांचे बोलणेही झाले होते, आणि मागच्या काचा दिसाव्यात म्हणून त्याने त्यांना एक आरसा दिला होता. टाकी बदलण्यासाठी वैमानिकाला शरीर पूर्ण वळवावे लागत होते, आणि तसे वळताना उजवा पाय नकळत उजव्या रडरच्या (विमान वळवणाऱ्या सुकाणूच्या) पेडलवर दाबला जात होता. सुरक्षा मंडळाने लक्ष विचलित होऊन ताबा सुटणे हे अपघाताचे कारण मानले, पण उड्डाणापूर्वी पेट्रोल न भरणे, व्हॉल्वची गैरसोयीची जागा, खुणांचा अभाव आणि या जातीच्या विमानाचा अपुरा सराव यांचीही नोंद केली. इंधनव्यवस्थेच्या तपासणीत म्हणूनच हीही चाचणी धरावी: वैमानिकाने आसनाचे पट्टे आवळून बसावे, डोळे मिटावे, आणि एका हाताने सिलेक्टर शोधून डावीकडून उजवीकडे फिरवावा. खांदा पट्ट्यातून सोडवावा लागला किंवा पाय पेडलवरून हलला, तर व्हॉल्वची जागा बदलावी.

उष्णता आणि पेट्रोलची जात यांचा विचार आपल्याकडे अधिकच करावा लागेल. इंजिनाच्या खोळीतील तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंप ती वाफच घोळवत बसतो आणि द्रव पुढे सरकत नाही. विमानाच्या पेट्रोलचा बाष्पदाब ४९ किलोपास्कलच्या वर नसावा असे मानक आहे. मोटारीचे पेट्रोल याहून अधिक बाष्पनशील असू शकते. त्याशिवाय भारतात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर रोटॅक्स ९१२ मालिकेसाठी निर्मात्याने दहा टक्क्यांपर्यंतचीच मुभा दिली आहे. इथेनॉल काही प्रकारची लांबी, रबर आणि फायबरग्लासच्या टाक्यांतील राळ मऊ करते. ते ओळखण्याची युक्ती सोपी आहे. काचेच्या मोजनळीत थोडे पाणी घेऊन पातळीची खूण करायची, वर पेट्रोल ओतून हलवायचे आणि स्थिर होऊ द्यायचे. इथेनॉल पाण्यात उतरते, त्यामुळे खालचा पाण्याचा थर खुणेच्या वर गेलेला दिसतो. प्रवाहाच्या चाचण्या ज्या पेट्रोलवर केल्या त्याच पेट्रोलवर विमान उडवावे. आणि उन्हाळ्यातल्या दुपारी, इंजिन तापवून बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू करून पूर्ण ताकदीवर न्यावे. वाफेचा दोष असेल तर बहुधा याच वेळी दिसतो.

जमिनीवरच्या शेवटच्या टप्प्यात नाक वर असलेल्या स्थितीतच इंजिन काही मिनिटे पूर्ण ताकदीवर चालवतात, चालत्या इंजिनावर टाक्या बदलून पाहतात, आणि एक छोटा पण फार उपयोगी प्रयोग करतात: सिलेक्टर ‘बंद’ करून इंजिन किती वेळ चालते ते मोजतात. नळ्यांत आणि कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर ते संथ गतीने बराच वेळ फिरत राहते. काही विमानांत हा वेळ धावपट्टीच्या टोकापर्यंत जाऊन उड्डाण सुरू करण्याइतका पुरतो. हा आकडा माहीत असलेला वैमानिक टाकी बदलल्यावर लगेच उड्डाण न करता तेवढा वेळ थांबतो.

त्यानंतरची परीक्षा हवेत असते. अमेरिकेत अशा विमानाला सहसा पहिली २५ किंवा ४० तासांची उड्डाणे ठरवून दिलेल्या क्षेत्रातच, प्रवासी न घेता करावी लागतात. पहिली उड्डाणे पूर्ण भरलेल्या एकाच टाकीवर करतात. टाकी बदलण्याचा पहिला प्रसंग धावपट्टीच्या डोक्यावर, पुरेशा उंचीवर येईल असे पाहतात. पुढे केव्हातरी, तेवढीच उंची आणि तीच धावपट्टी खाली ठेवून, एक टाकी मुद्दाम इंजिन खोकेपर्यंत रिकामी करतात, दुसऱ्या टाकीवर जाऊन इंजिन पुन्हा जोर धरायला किती सेकंद लागतात ते टिपतात, आणि उतरल्यावर पहिल्या टाकीत उरलेले पेट्रोल मोजून जमिनीवरच्या आकड्याशी ताडून पाहतात. दोन आकड्यांत फरक आला तर मोठा आकडा कॉकपिटमधील पाटीवर लिहितात. या सगळ्या काळात गॅसकोलेटरची वाटी आणि टाकीतल्या जाळ्या प्रत्येक उड्डाणानंतर उघडून पाहायच्या असतात, कारण जमिनीवर कितीही धुतले तरी उड्डाणातल्या हादऱ्यांनी लांबीचे आणि किसाचे आणखी कण सुटून येतातच. सलग काही उड्डाणांत वाटी स्वच्छ निघाली, की मगच हे अंतर वाढवतात. नळी बदलली, फिल्टर वेगळ्या जातीचा बसवला किंवा पंप नवा आणला, तर मात्र नाक वर करून, डबा आणि घड्याळ घेऊन प्रवाह पुन्हा मोजावा लागतो.